अप्पांचं बहात्तराव्या वर्षीचं बॉक्सिंग

माझ्या वडिलांचं बॉक्सिंग मी बंद पाडलं.

आज अप्पांना जाऊन वर्ष झालं. सकाळपासून इथल्या मराठी मंडळातल्या लोकांचे फोन येतायत. "किती शांत माणूस होता गं."

शांत कसले डोंबलाचे. पार्किन्सन्सने आवाज खाल्ला होता त्यांचा. थरथरणारे हात तुम्हाला दिसू नयेत म्हणून प्रत्येक कार्यक्रमात ते जॅकेटच्या खिशात हात घालून कोपऱ्यात बसायचे. त्याला तुम्ही शांत म्हणायचात.

शांत नसलेले अप्पा मी पाहिलेत.

२००६च्या फॉलमध्ये, पानगळीच्या दिवसांत, त्यांच्या फिजिओथेरपिस्टने एक पत्ता दिला. शिकागोजवळ, नेपरव्हिलच्या बाहेर, टायरच्या दुकानामागे एक बॉक्सिंग जिम. तिथला कोच रॉन, आधी स्वतः बॉक्सर. पार्किन्सन्स झालेल्या सहा-सात जणांना ग्लव्ह्ज घालून बॅगवर ठोसे मारायला शिकवायचा.

एकमेकांना कुणी मारत नव्हतं. हे आधीच सांगते, कारण पुढे ते कुणी ऐकूनच घेतलं नाही.

आवाज सुटावा म्हणून प्रत्येक ठोशाला मोठ्याने आकडे म्हणायचे, हा रॉनचा नियम. बाकी सगळे वन, टू, थ्री. अप्पांनी पाढे सुरू केले.

बे एके बे, धाड.
बे दुणे चार, धाड.

तीस वर्षं इलिनॉयमध्ये पुलांची डिझाइन्स केलेला माणूस. घरी मीठ मागितलेलं ऐकू यायचं नाही, आणि तिथे सतराचा पाढा ओरडत होता.

शेजारच्या बॅगवर डोना असायची, रिटायर्ड शिक्षिका. दोन महिन्यांत तिचा बेचा पाढा पाठ. मी "अप्पा" म्हणते म्हणून तिथे सगळेच त्यांना अप्पा म्हणायचे.

जानेवारीत आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. घर भरलेलं, बायकांबरोबर नवरेही आलेले. दोन दिवस आधी अप्पा बाथरूममध्ये पडले होते. डोळा काळानिळा.

एका काकूंनी विचारलंच. "अगंबाई, अप्पांना काय झालं?"

मी तोंड उघडायच्या आत अप्पा म्हणाले, "बॉक्सिंग."

तेही ऐटीत. बाथरूममध्ये पडलो म्हणण्यापेक्षा बरं वाटलं असेल त्यांना. मला तर हसूच आलं.

दुसऱ्या दिवशी धाकट्या भावाचा फोन. तो मिशिगनमध्ये, ॲन आर्बरला डॉक्टर आहे. बातमी तिथवर पोचली होती, चांगली तिखटमीठ लावून.

"ताई, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? बहात्तर वर्षांच्या माणसाला मार खायला पाठवतेस? लोक मला विचारतायत."

अरे, ते बाथरूममध्ये पडले. एवढं एक वाक्य बोलायचं होतं मला.

नाही बोलले.

कारणही लिहून टाकते. क्लास मंगळवारी, म्हणून ऑफिसमधून लवकर निघायचं, शिकागोहून ट्रेन पकडायची, बर्फात ड्राइव्ह करून त्यांना न्यायचं, परत आणायचं. शनिवारी सुट्टीच्या दिवशी पुन्हा ते ड्राइव्ह. जड झालं होतं मला. भावाने आयतं कारण हातात दिलं.

क्लास बंद, असं अप्पांना सांगितलं, तर म्हणाले, "मला जायचंय गं तिथे. तिथे कुणी माझी कीव करत नाही."

मी ऐकू न आल्यासारखं केलं. आवाज इतका बारीक होता की ते सोपंच होतं.

रॉनला काय सांगायचं? आमचे लोक नावं ठेवतात, हे इंग्लिशमध्ये सांगायची लाज वाटली. मग आपण सगळे सांगतो तेच सांगितलं. डॅड इंडियाला गेलेत, सहा महिने.

जिमची मेंबरशिप कॅन्सल करायची असो की नकोसं आमंत्रण टाळायचं असो, आपलं म्हातारं माणूस लगेच इंडियाला जातं. तुम्हीही पाठवलं असेल कधीतरी.

पण रॉनला ते खरं वाटलं. दर दोन-तीन आठवड्यांनी आन्सरिंग मशीनवर त्याचा मेसेज असायचा. अप्पा परत आले की कळव, त्यांची जागा ठेवलीय. मागून डोना मोडक्यातोडक्या मराठीत पाढा म्हणायची.

हे सगळं आमच्या किचनमध्ये मोठ्याने वाजायचं. अप्पा समोर टेबलाशी बसलेले असायचे, अर्धा कप चहा घेऊन.

एकदा रिंग वाजल्यावर त्यांनी फोनकडे हात नेला.

मी म्हटलं, "उचलू नका अप्पा. तुम्ही इंडियात आहात."

हो, हे मी माझ्या वडिलांना म्हटलं. माझ्याच घरात.

त्यांनी हात मागे घेतला. त्यानंतर फोन वाजला तरी ते मान वर करत नसत.

ऑगस्टमध्ये न्यूमोनिया झाला आणि गेले. क्लास चालू असता तर वाचले असते, असं मी म्हणत नाही. आजार वाढतच जाणार होता. भाऊ हे मला दर फोनला समजावतो. पण सात महिने ते नुसते बसून होते, त्याबद्दल तो कधी काही बोलत नाही.

तेरावं झाल्यावर मी रॉनला फोन केला. म्हटलं, "अप्पा गेले."

 त्याने विचारलं, "तिकडे? इंडियात?"

खरं सांगायची ती शेवटची संधी होती.

मी म्हटलं, "येस."

"मग बरं झालं," तो म्हणाला. रडत होता. "शेवटी आपल्या माणसांत होते."

अप्पा आमच्या वरच्या बेडरूममध्ये गेले. रॉनच्या जिमपासून बारा मिनिटांच्या ड्राइव्हवर.

हे मराठीत लिहितेय, कारण रॉनला आणि डोनाला वाचता येणार नाही. माझी हिंमत एवढीच.

खाली प्रतिक्रियांमध्ये माझं सांत्वन करू नका.

अप्पा, तुम्हाला श्रद्धांजली वाहते. माफ करा म्हणायला मला तोंड नाही.