दुसऱ्या पार्वतीचे पैसे

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशीसुद्धा नाही – त्यांना काहीतरी कळलं होतं, ते वेगळं. तुम्ही समोर बसला आहात असं समजून सांगते. आणि सांगताना अजून छाती धडधडते. लाजेनं म्हणाल? खरं सांगू – आनंदानं. त्या दिवशीचा आनंद काही केल्या विसरत नाही, दुखणं तेच आहे.

निपाणीजवळ आमचं तंबाखूचं गाव. लग्नात सुनेचं नाव बदलायची रीत, आणि गावात पार्वतीचं देऊळ, त्यामुळं आळीआळीला एक पार्वती. पाटलांच्या भावकीत आम्ही दोघी – वरच्या आळीत मी, खालच्या आळीत ती. दोघींचे मालक पलटणीत, दोघांनाही समुद्रापार, बसऱ्याच्या लढाईवर नेलेलं. तिला तान्ही मुलगी होती, मला मूल नव्हतं. माझ्या मालकांची कितीतरी महिने खबर नव्हती, आणि सासूबाई मला पांढऱ्या पायाची म्हणू लागल्या होत्या. घासागणिक म्हणायच्या.

आणि एके दिवशी पोस्टमन दारात उभा! नवा होता, गोकाककडून बदलून आलेला. "पार्वतीबाई पाटील, मनिऑर्डर" म्हणाला, आणि माझे पाय जमिनीवर राहिले नाहीत. जिवंत आहेत, जिवंत आहेत – दुसरं काही सुचेना. मग त्यानं खात्रीसाठी मालकाचं नाव विचारलं. आता नवऱ्याचं नाव बाई कशी घेणार? तोच बिचारा ओशाळला, कागद बघून म्हणाला, "शंकर पाटील. व्हय न्हवं, बाई?"

शंकर म्हणजे खालच्या आळीतल्या पार्वतीचा नवरा.

मी काय केलं असेल? मान खाली घातली, पदर पुढं ओढला. ही लाजली, असं त्याला वाटलं. मी खोटं बोलले नाही – एक अक्षरही बोलले नाही. सही केली तीही माझ्याच नावाची. वडील शाळामास्तर, त्यांनी शिकवलेली चार अक्षरं अशी कामी आली.

सासूबाई रानातून आल्या. पैसे बघून "माझा ल्योक हाय गं, हाय" म्हणत त्यांनी मला पोटाशी धरलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच. आळीभर साखर वाटली. मला तर फुगडी घालावीशी वाटत होती – हसू नका. त्या गडबडीत चुलीपुढं बसून मी मनिऑर्डरचं कुपन वाचलं. पोरीला झबलं घे, नाव काय ठेवलंस ते कळव, असं होतं. कुपन मी चुलीत घातलं. तेव्हा तरी उठून खालच्या आळीत जाता आलं नसतं का? पण मग साखर परत कशी मागायची, आणि ती मिठी? गेले नाही.

संध्याकाळी तीच आली, मुलीला कडेवर घेऊन. माझ्यासाठी खरंच खूश होती. "आक्का, तुमच्या मालकास्नी लिवून इचारा की, आमचं कुठं हाईत."

"इचारते गं," मी म्हटलं.

पुढं शंकर लढाईत पडल्याची तार आली. माझे मालक सुखरूप परतले. सासूबाईंनी त्या पैशांची गोष्ट काढली तेव्हा त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि जेवत राहिले. पुन्हा कधी विचारलं नाही.

पार्वती तंबाखूच्या वखारीत राबली, मुलगी वाढवली. कुणी नवऱ्याचा विषय काढला की म्हणायची, "तिकडं गेलं आन् इसरलं आमास्नी. मरंस्तवर एक दमडी न्हाय." हे मी तिच्या शेजारी बसून ऐकलं आहे, बाजारात, लग्नात. मुलीच्या लग्नात मी दुप्पट आहेर केला आणि मनाला सांगितलं, फिटलं. काय फिटलं? तिचं अडलं होतं ते पैशांवाचून नव्हे.

गेल्या पावसाळ्यात ती वारली. मुलगी निपाणीत नांदते. बापाचं नाव निघालं की म्हणते, "आईला टाकून गेलेला माणूस."

शंकर विसरला नव्हता. गावात हे एकट्या मला ठाऊक होतं, आणि पार्वती जिवंत होती तोवर मी तिला सांगितलं नाही.