कोकणासाठी घेतलेला साबण

एका उन्हाळ्यात आम्ही नवरा-बायको, दोन लेकरांना घेऊन, जनावरांच्या चारा छावणीत हवापालट करायला गेलो होतो.

वाचणाऱ्याला वाटेल, छापताना मधला एखादा शब्द गळाला. नाही, काही गळालेलं नाही. छावणी जनावरांचीच होती आणि आम्ही स्वखुशीने गेलो होतो. (म्हणजे मी स्वखुशीने. बाकीचे तिघे माझ्यामागून.)

मी तेव्हा साखर कारखान्यात टाइमकीपर होतो. त्या साली दुष्काळ असा, की शेतात ऊस नाही आणि कारखान्याला गाळप नाही. हंगाम सुरू झाला आणि लगेच चिमणी थंड पडली. मी मात्र रोज घड्याळ बघून कामावर जायचो, घड्याळ बघून घरी यायचो. पगार येण्याची वेळ तेवढी कुठल्याच घड्याळात दिसत नव्हती.

आणि नेमक्या त्याच उन्हाळ्यात आमच्या शकूला भिशी लागली.

शकू म्हणजे आमची बायको, शकुंतला. माहेर नांदूरघाटाजवळच्या एका खेड्यातलं. तिने आयुष्यात पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे मांजरा नदीचा पूर, तोही एसटीच्या खिडकीतून. पण आमच्या स्वयंपाकघरात पतसंस्थेचं एक कॅलेंडर होतं, आणि त्यावर समुद्र होता. निळं पाणी, वाकलेली नारळाची झाडं, कडेला एक होडी. वर्ष संपलं तेव्हा तिने खालच्या तारखा फाडल्या आणि चित्र तेवढं भिंतीवर राहू दिलं. भाकरी थापताना ती त्याच्याकडे बघायची. त्यामुळे आमच्याकडे एखादी भाकरी करपायची आणि ती नेमकी माझ्या ताटात यायची.

समुद्र बघायचा म्हणूनच ती कॉलनीतल्या बायकांच्या भिशीत शिरली होती. भिशी लागली त्या दिवशी तिने बाजारातून एक वासाचा साबण आणला. गुलाबी कागदातला. कुणी हात लावायचा नाही, कोकणात गेल्यावरच काढायचा, असा हुकूम निघाला. लेकरं रोज तो हुंगून परत जागेवर ठेवायची. मीही हुंगायचो.

"आता सुट्ट्या लागल्या की समुद्र," ती म्हणाली.

"अगं, पगार न्हाई. हाताशी पैसा ऱ्हावू दे."

"कावून? भिशी हाय की."

"अन् पुढच्या साली पाऊस झाला न्हाई तर?"

"तर काय? समुद्र आटतोय व्हय?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर नसलं की मी घरातला कर्ता पुरुष होतो. मी जाहीर केलं की यंदा सहल होणार, मजा होणार, पण पैसा खर्च होणार नाही. माझे सासरे, म्हणजे मामा, आपली बैलजोडी घेऊन दीड महिन्यापासून छावणीत राहत होते. गावच्या सोसायटीने नदीकाठच्या माळावर ती छावणी उघडली होती. मोकळी हवा, झोपायला आभाळ, शिवाय सासुरवाडीचं जेवण. महाबळेश्वरला तरी याहून वेगळं काय असतं? (मी महाबळेश्वर पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे हा मुद्दा मला फार जोरात मांडता आला.)

शकूने भिशीचे पैसे कापडी पिशवीत घालून कमरेला खोचले, साबण ट्रंकेत ठेवला आणि भिंतीवरच्या चित्राकडे एकदा बघून घराला कुलूप लावलं.

छावणीच्या तोंडाशी सोसायटीचे सेक्रेटरी टेबल टाकून बसले होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "जनावरं किती?"

"एकबी न्हाई. आमी सहलीला आलोय."

आता त्यांनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं, ट्रंकेकडे बघितलं. तेवढ्यात मामा आले.

"घ्या लिहून," मामा म्हणाले. "दोन मोठी, दोन ल्हान. कडबा लागत न्हाई. पर त्यातलं एक मोठं जरा जास्त खातंय."

शकू तोंडाला पदर लावून हसली. मीही हसलो. जास्त खाणारं मोठं कोण, ते मला जेवायला बसल्यावर कळलं.

पण खरं सांगतो, पहिले दिवस असे गेले की अजून आठवले की जीव तिकडे ओढ घेतो. चार गावांची माणसं एका माळावर पालं टाकून राहिलेली. म्हणजे शकूचं सगळं माहेर एकाच जागी गोळा झालेलं. तिच्यासोबत चिंचा पाडणाऱ्या मैत्रिणी शेजारच्या पालात होत्या. सकाळी शेणाच्या पाट्या उचलता उचलता त्यांचं जे हसणं सुरू व्हायचं, ते दिवस मावळला तरी थांबायचं नाही. शकू इतकी हसू शकते हे मला तोवर ठाऊक नव्हतं. आमच्या क्वार्टरमध्ये ती कधी तशी हसली नव्हती. संध्याकाळी भजन असायचं. लेकरं कडब्याच्या गंजीवरून घसरगुंडी करायची आणि मामांच्या हौशाच्या पाठीवर बसायची. हौशा हा पांढरा बैल. फासळ्या दिसायला लागल्या होत्या, पण रुबाब तसाच. मामा स्वतः अर्धी भाकर खायचे आणि अर्धी त्याच्या तोंडात द्यायचे.

हे सगळं माझ्याच अकलेने घडलं, असं मला वाटायला लागलं. मी पालोपाल फिरून बचतीवर बोलू लागलो. लोक उगीच पैसा उधळून लांब लांब जातात, माणसाने मौज कशी जवळच शोधावी, वगैरे. लोक ऐकून घ्यायचे. जावयाला कोण काय बोलणार?

मामांनी एकदाच बोलून दाखवलं. "जावईबापू, आमी हितं मौजंला आलो न्हाई. हौशाला बाजार दाखवायचा न्हाई, म्हून पडलोय."

मी मान डोलावली. ऐकलं मात्र नाही.

पुढे ऊन तापलं आणि लेकरं कुरकुरायला लागली. धाकट्याने भोकाड पसरलं, "समुद्रात पवायचंय!" आता छावणीत समुद्र कुठला? पण जनावरांना पाणी पाजायला तिथे एक हौद केलेला होता. जमिनीत लांब चर खणून त्यात जाड प्लास्टिकचा कागद अंथरलेला. एक दिवसाआड सरकारी टँकर यायचा आणि तो भरून जायचा. आदल्या संध्याकाळीच भरला होता. पहाटे मी उठलो तर माळावर सामसूम, आणि तो हौद काठोकाठ, अगदी कॅलेंडरातल्यासारखा.

मी म्हटलं, दोन डुबक्या. जनावरं यायच्या आत पोरं बाहेर. पाण्याला काय होतंय?

दोघांना उठवून नेलं. त्यांनी डुबक्या मारल्या. मग थोरली म्हणाली, "बाबा, समुद्रातला साबण?" आता अंघोळच होते आहे तर ती नीट का होऊ नये? मी दबकत जाऊन ट्रंकेतून तो गुलाबी साबण काढून आणला. काय त्याचा फेस! अर्धा हौद पांढरा झाला. लेकरं फेसाच्या दाढ्या लावून नाचली, अंग पुसून पालाकडे पळाली. आणि मग, आजूबाजूला कोणी नाही असं बघून, मी स्वतः पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर त्यात उतरलो.

गळ्यापर्यंत पाण्यात बसून मी डोळे मिटले. डोक्याला फेस होता. इतका गार, इतका फुकट आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता.

डोळे उघडले तेव्हा समोर हौशा होता.

त्याचं नाक माझ्या नाकापासून वीतभर. तो पाण्यावर वाकला, वास घेतला, फुर्रकन् नाकातून हवा सोडली आणि मान वर केली. माझ्याकडे असं बघितलं, की कारखान्याच्या साहेबानेही कधी बघितलं नसेल. दाव्याच्या दुसऱ्या टोकाला मामा होते. त्यांच्यामागे सगळी छावणी, आपापली जनावरं धरून, रांगेत.

"काय करायलेत जावईबापू?" मामांनी शांतपणे विचारलं.

"आंगूळ," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

दुसरा बैल आला. हुंगलं, मान फिरवली. गाय आली, तिनेही तेच केलं. गुलाबाच्या वासाचं पाणी प्यायला एकही जनावर तयार होईना. मला बाहेर यायचं होतं, पण सासरच्या चार गावांतल्या बायाबापड्यांसमोर त्या चड्डीवर बाहेर येणार कसं? म्हणून मी बसूनच राहिलो. आणि एक म्हैस माझ्याकडे बघत होती. हा एवढा मोठा बसलाय म्हणजे डुंबायचीच वेळ असणार, असा तिचा समज झाला असावा. मालकाच्या हातातलं दावं हिसडून ती सरळ माझ्या शेजारी येऊन बसली.

म्हशीच्या खुरांनी खालचा कागद टराटरा फाटला. पाणी गोल फिरलं, खाली गेलं, आणि जमिनीने ते एका घोटात पिऊन टाकलं. चिखलात मी आणि म्हैस तेवढे उरलो. म्हैस खूश होती.

कोणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सेक्रेटरी तेवढं म्हणाले, "टँकर उद्या सांजंला." ऊन चढायला लागलं होतं. हौशा कोरड्या खड्ड्याकडे बघत उभा होता आणि मामा नुसते त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. तेव्हा मला पहिल्यांदा लाज वाटली. चड्डीची नव्हे.

शकू आली. तिने माझ्याकडे बघितलं नाही. चिखलात रुतलेला साबणाचा तुकडा उचलला, पदराला पुसला. मग कमरेची कापडी पिशवी काढली आणि सेक्रेटरींच्या हातात दिली.

"खाजगी टँकर बोलवा. नवा कागद बी आणा."

"अगं, समुद्र..." मी म्हणालो.

"जनावरं तहानली हायत," ती म्हणाली. बस, एवढंच.

दुपारी युसूफ वडगाव या गावाकडून टँकर आला. तोवर मी चर झाडून, खडे वेचून, नवा कागद अंथरला होता. (जास्त खाणाऱ्या मोठ्या जनावराने पहिल्यांदाच काम केलं, असं मामा नंतर वर्षानुवर्षे सांगत.) पाईप सोडला आणि पाणी धो धो कोसळायला लागलं. हौशाने तोंड घातलं ते मिनिटंच्या मिनिटं वर काढलं नाही. मामांनी डोळ्यांना पंचा लावला, ऊन लागलं म्हणाले.

शकू त्या धारेखाली हात धरून उभी होती. तिचा समुद्र माझ्या डोळ्यांदेखत त्या कागदावर पडत होता. तिने हळूच विचारलं, "आवं, समुद्राचा आवाज असाच असतोय का?"

मी समुद्र कधी पाहिला नव्हता. ऐकलाही नव्हता.

"असाच," मी ठामपणे म्हणालो. "अगदी असाच."

ती बराच वेळ ऐकत राहिली.

त्यानंतर पाऊस झाला, छावणी उठली, माणसं आपापल्या गावी गेली. पुढच्या साली थोरलीची शाळा, मग घराचं पत्र्याचं काम, मग आणखी काही. समुद्र मागे मागेच सरकत गेला. हौशा मामांच्या दावणीलाच म्हातारा होऊन गेला, त्याच्यामागून मामाही गेले. ती चार गावं पुन्हा कधी एका माळावर आली नाहीत. यायलाच नकोत, कारण त्यासाठी दुष्काळ पडावा लागतो. पण चांगल्या पाऊसकाळातही शकू शेजारणीशी तशी हसताना दिसत नाही, तेव्हा मला त्या माळाची फार आठवण येते.

मी निवृत्त झालो तेव्हा पोरांनी आम्हाला कोकणात नेलं. शकू वाळूवरून चालत गेली, घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिली. मी मागे उभा.

"एवढं पाणी," ती म्हणाली, "अन् हौशाच्या घोटभर कामाचं न्हाई."

मग कान देऊन ऐकलं. "अन् आवाज बी तसा न्हाई. असाच असतोय म्हणलतेत तुमी."

"थोडा फरक असंल," मी म्हणालो.

"टँकरचा बरा होता." तिने पिशवीत हात घातला आणि गुलाबी कागदातला एक नवा कोरा साबण माझ्या हातात ठेवला. "घ्या. करा आंगूळ. हितं कुणाला प्यायचं न्हाई."

पोरं हसली, ती हसली, अगदी छावणीतल्यासारखी हसली. मग मागे कोण हटतो? मी गळ्यापर्यंत समुद्रात बसलो आणि साबण घासायला लागलो. घासला, घासला, अर्धा झिजवला. खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. आणि वीतभरावर नाक आणून माझ्याकडे बघणारंही तिथे कोणी नव्हतं.