मोटारमावशी आणि तिसरा रूळ

मोटारमावशी विहिरीवरच्या पंपाची मोटार कानानं तपासायच्या. पेचकसाचं टोक चालत्या मोटारीवर, मूठ कानाला आणि डोळे मिटलेले. बेअरिंग गेलंय की तार जळलीय, हे त्या क्षणात सांगत. काहीच बिघडलेलं नसेल तर तेही सांगत, आणि बैलगाडीत मोटार घालून आलेला शेतकरी जरा खट्टू होऊनच परत जाई.

देवळीच्या बसस्टँडमागे त्यांचं वायंडिंगचं, म्हणजे जळलेल्या मोटारींत नवी तार गुंडाळून द्यायचं दुकान होतं. धंदा नवऱ्याकडून शिकलेला. तो गेल्यावर त्यांनी एकटीनं चालवलेला. शाळा सुटली की आम्ही पोरंपोरी तांब्याच्या तारेचे तुकडे मागायला तिथं जमायचो. तुकडा मिळे, पण त्याआधी काहीतरी ऐकावं लागे.

त्या वर्षी ऐकायला मिळाली ती जमिनीखालची रेल्वे. मावशींचा धाकटा भाऊ कलकत्त्याला त्या बोगद्याच्या कामावर फिटर होता. तो पत्रातून लिही आणि मावशी आम्हाला समजावत. मी विचारलं, इंजिन कुठं असतं? म्हणाल्या, इंजिन नसतंच. कोळशाचा धूर बोगद्यातून जाणार कुठं? डब्यांच्या खालीच मोटारी असतात, आपल्या विहिरीवरच्या मोटारींच्या थोरल्या बहिणी. त्या दातेरी चाकांनी डब्याच्या चाकांचा आस फिरवतात. वर तारही नसते. वीज येते तिसऱ्या रुळातून. डब्याला लावलेला लोखंडी हात त्यावर घासत जातो, वीज मोटारीत शिरते आणि चाकांतून बाकीच्या दोन रुळांवाटे परत जाते.

"विजेले येवाले रस्ता लागते, तसा जावाले बी लागते," त्या म्हणायच्या.

गाडी थांबते कशी, ते त्यांनी सायकलच्या डायनामोवर दाखवलं. नुसता फिरवला तर हलका फिरे. दिवा जोडला की दिवा लागे आणि डायनामो हाताला जड होई. थांबायच्या वेळी गाडीच्या मोटारींनाही असंच वीज करायला लावतात, मग चाकं जडावतात आणि गाडीचा वेग मोडतो.

आम्ही पत्र्याच्या पट्ट्यांचे रूळ केले. तिसरा रूळ दोन्ही रुळांच्या मधोमध बसवला, कारण मावशींनी तसंच सांगितलं होतं. बॅटरीवर आमचा डबा सुरेख पळाला आणि तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात आमचा पहिला नंबर आला. सरांनी मॉडेल शाळेच्या कपाटात काचेआड ठेवलं.

कलकत्त्याची ती गाडी सुरू झाल्यावर भावानं मावशींना बोलावलं. वर्ध्याहून हावड्याची गाडी धरून त्या गेल्या. पंधरा दिवसांनी परतल्या त्या घरी न जाता, हातातल्या पिशवीसकट थेट आमच्या वर्गात आल्या.

"लेकरांनो, मी तुमाले चूक सांगतलं," त्या म्हणाल्या. "तो रूळ मधात नाई, बाजूले असते. मी वाकून वाकून पाह्यलं."

आमचे चेहरे पडले. सर समजुतीनं म्हणाले की, मॉडेल चालतंय, बक्षीसही मिळालंय. इथं कोण बघायला येणार आहे? मावशींनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग त्यांनी जे सांगितलं, ते आम्हाला ठाऊक नव्हतं. एका विहिरीवर कोणीतरी लाईन बंद आहे म्हणून सांगितलं आणि त्यांच्या नवऱ्यानं तारेला हात लावला.

"सांगणाऱ्यानं पाह्यलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "वीज कुठं हाये, हे चूक सांगू नाई, सर. चालली म्हणून जोडणी बरोबर नसते."

सरांनी कपाटाची किल्ली काढून दिली. त्या संध्याकाळी आम्ही पट्टी उखडून बाजूला बसवली. डब्याचा हात नव्यानं वाकवावा लागला आणि त्यानंतर डबा पहिल्यासारखा कधीच पळाला नाही, अडखळत जायचा. मावशी मात्र त्याच्याकडे कौतुकानं बघत बसल्या.

पुढं मी नागपूरला पॉलिटेक्निकला गेले. मुलगी मोटारी शिकणार म्हणून घरी कुरकुर होती, तेव्हा मावशी आमच्याकडे चहाला येऊन वडिलांशी तासभर बोलल्या. काय बोलल्या ते मला आजही माहीत नाही.

दुसऱ्या वर्षी, परीक्षा चालू असताना त्या गेल्या. मला पत्र उशिरा मिळालं. देवळीला उतरले तेव्हा दुकानाला कुलूप होतं आणि समोर एक शेतकरी गाडीत मोटार घालून थांबला होता. बाई कधी येतीन, असं त्यानं मला विचारलं. मी सांगितलं.

तो बराच वेळ बैलाच्या पाठीवर हात फिरवत उभा राहिला.

"आता खरं कोण सांगन?" तो म्हणाला, आणि त्यानं गाडी वळवली.