सुरय्याच्या दातांचा साचा

मांडवीच्या रस्त्यावर दातांचे डॉक्टर आत्माराम यांचा दवाखाना होता. तिथल्या काचेच्या कपाटात ओळीने प्लास्टरचे जबडे मांडलेले. ज्या पोरापोरींचे दात वेडेवाकडे, त्यांचे हे साचे. गाव म्हणायचं, पोटी मूल नाही म्हणून डॉक्टरांनी जबडे पाळलेत. बायको मालन दर शनिवारी ते पुसायची. उलट न बोलणारं घरात एवढंच काय ते, म्हणायची.

साच्याच्या बुडाला आत्माराम पेन्सिलीने निकाल लिहीत, 'काढणे' किंवा 'न काढणे'. म्हणजे जागेसाठी दोन दात उपटून मग तार लावायची, की नुसती तारच. एकदा लिहिलं की ब्रह्मवाक्य.

पंचावन्न साली मिरकरवाड्यातल्या फातिमाबींच्या सुरय्याला 'काढणे' निघालं. दात सरळ झाले, पण वरचा ओठ असा आत बसला की सोळाव्या वर्षी पोरगी पोक्त दिसू लागली. हसताना ओढणी तोंडावर. दोन वर्षांनी फातिमाबी धाकट्या फरीदाला घेऊन आल्या. डॉक्टर म्हणाले, हिचे काढायला नकोत.

"मग थोरलीचे का काढलेत, डाक्टर?"

"तिचा जबडा वेगळा होता."

बोलून गेले खरे. दाखवायला म्हणून सुरय्याचा साचा काढला, फरीदाच्या तोंडाशी धरला, तर दोन्ही जबडे एकाच घडणीचे. शुक्रवारी या, एवढंच म्हणाले.

त्या दुपारी दार लावून त्यांनी मालनला कामाला जुंपलं. नावं आणि निकाल कागद चिकटवून झाकायचे, क्रम मोडायचा, एकेक साचा हातात द्यायचा. डॉक्टर नव्याने निकाल देत, मालन टिपून घेई. वीस झाल्यावर कागद सोलले. सात निकाल आधीच्याच्या उलटे. सुरय्याचा त्यात होताच. एरवी मालनला बोलायला निमित्त लागत नसे; त्या दिवशी तिने नुसते साचे उचलून जागेवर लावले. काय ते ओळखा.

शुक्रवारपर्यंत आत्मारामांच्या मनात वकिली चालली होती. हाडाची वाढ म्हणावी, तारेचा दोष म्हणावा, कळणार कुणाला? पण फातिमाबी समोर बसल्या आणि डॉक्टरांनी साचा पुढे ठेवला.

"जबडा वेगळा नव्हता. आज पाहिला असता तर काढले नसते."

"परत बसतात काय ते दात?"

"नाही."

फातिमाबींनी आवाज चढवला नाही. साच्याच्या वरच्या ओळीवरून बोट फिरवलं आणि नेमकं त्या दोन दातांवर थांबवलं. प्लास्टरमध्ये ते शाबूत होते.

"हा तरी द्या मग," म्हणाल्या, आणि साचा बुरख्याखाली घेऊन गेल्या. फरीदाला पुन्हा आणलं नाही.

आत्मारामांनी तारेचं काम सोडलं. पुढे म्हाताऱ्यांच्या कवळ्याच करत राहिले. मालन शनिवारी कपाट पुसायची, पण मधली ती रिकामी जागा तिने कधी सरकवून भरली नाही.