साफ केल्याचा स्टिकर

तोंडावर सगळे तिला ताई म्हणायचे आणि पाठ फिरली की तोफताई. तिला हे ठाऊक होतं, आणि खोटं कशाला बोला, आवडायचंही. बावन्न वर्षांची बाई, अंगाने किरकोळ, पण दारात उभी राहिली की घरातली माणसं उगाचच आवराआवर करायला लागायची. लोकांना राग येतो आणि जातो. हिच्याकडे तो मुक्कामालाच होता.

काम काय, तर घरोघरी जाऊन कपडे वाळवायच्या मशीनचा पाइप साफ करायचा. ड्रायरमध्ये कपडे गरगर फिरतात, त्यांच्यातून गरम हवा जाते, आणि दर खेपेला कपड्यांचं थोडंथोडं तूस झडतं. काही मशीनच्या गाळणीत अडकतं, उरलेलं मागच्या पाइपात जाऊन थराथराने बसतं. मग हवा कोंडते, मशीन तापतं, आणि एवढ्या सुक्या तुसाला पेटायला काय लागतं? हे ती अकरा वर्षं लोकांना सांगत होती आणि लोक अकरा वर्षं "हो का?" म्हणत होते.

काय एकेक नमुने पाहिले होते तिने. एका घरात पाइपाचं बाहेरचं तोंड थंडी आत येते म्हणून जुन्या उशीने बंद केलेलं. एका गृहस्थांनी मशीनपुढे कपाट बसवता यावं म्हणून पाइप दोन ठिकाणी मुरडून चपटा केलेला, वर "कसं नीट बसलंय बघा" म्हणून कौतुकाने दाखवलेला. एक चांगल्या शिकलेल्या बाई सहा वर्षं मशीन वापरत होत्या आणि त्याला गाळणी असते हेच त्यांना माहीत नव्हतं. तोफताईने ती ओढून काढली तेव्हा गादीत भरावी एवढी सामग्री निघाली. त्या बाईंना तिने जे सुनावलं ते जिन्यापर्यंत ऐकू गेलं म्हणतात.

रागाला कारण होतं. या कामाआधी ती चौदा वर्षं एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखान्यात होती. तिथल्या तिसऱ्या ड्रायरला जळका वास यायला लागला तेव्हा तिने सुपरवायझरला सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितलं. तिसऱ्यांदा तो वैतागून म्हणाला, "चालतंय ना? मग चालू दे." चौथ्या दिवशी मशीनने पेट घेतला. टॉवेलांचा ढीग बाजूला ओढताना तिचा डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजला. सुपरवायझरने काखा वर केल्या, आणि वर्षभरात त्याला याहून मोठ्या हॉटेलात याहून मोठी खुर्ची मिळाली. तेव्हापासून "चालतंय ना" हे दोन शब्द कानावर पडले की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

तिचा ब्रश लाल केसांचा होता. दुकानात मिळतात ते काळे. हिने मुद्दाम लाल मागवला, का, तर पाइपात तुटून राहिलाच तर डोळ्यांना दिसावा. ब्रशला एकापुढे एक कांड्या जोडायच्या, मागे ड्रिल लावायचं आणि पाइपात फिरवत सरकवत न्यायचा. काम झालं की मशीनवर एक स्टिकर: "साफ केले", खाली तारीख आणि तिची सही. त्या सहीचा तिला भारी तोरा. आपण सही केली म्हणजे माणसांनी निर्धास्त झोपावं, असं तिचं म्हणणं होतं.

त्या दिवशी सकाळी ती एका चार मजली इमारतीत वर्षाच्या फेरीला आली. चोवीस घरं, सगळी तिच्याकडे. गेल्या वर्षी खालून वर गेली होती, या वेळी वरून सुरुवात केली. चौथ्या मजल्यावरच्या पहिल्या घरात एक मावशी राहायच्या, पंचाहत्तरीच्या, आणि त्यांचे यजमान. काकांनी दोन वर्षांपासून अंथरूण धरलेलं. उठणं नाही, बसणं नाही. त्यांच्या चादरी दिवसातून तीनदा बदलाव्या लागत.

मावशींनी दार उघडलं आणि तोफताई उंबऱ्यातच थबकली. घरभर ओल्या चादरी. खुर्च्यांच्या पाठींवर, दारांवर, जेवायच्या टेबलावर. खाली पातेली ठेवलेली, त्यात थेंब पडताहेत. तिकडे ड्रायर घरघरतोय. तिने मशीनच्या माथ्यावर हात ठेवला आणि चटकन मागे घेतला. तवा परवडला. वासही तोच होता, हॉटेलातल्या तिसऱ्या मशीनचा. तिने भिंतीतला खटका बंद केला.

हे कधीपासून, असं तिने विचारलं. बरेच दिवस झाले, मावशी म्हणाल्या, एका चादरीला तीन तास लागतात, तरी दमट राहतेच. मग फोन का नाही केला? यावर मावशी नुसत्या हसल्या आणि काकांना पाणी द्यायला आत गेल्या.

तोफताईने मशीन पुढे ओढलं, पाइप सोडवला, आत टॉर्च मारला. जवळचा भाग बऱ्यापैकी साफ. म्हणजे गडबड पार टोकाला, भिंतीबाहेर. बाहेरच्या तोंडाशी जायचं तर मागच्या अरुंद गच्चीतून, आणि तिची किल्ली मॅनेजरकडे. गेल्या वर्षी मॅनेजर जागेवर नव्हता. आज ती तीन मजले उतरली आणि त्याला वर घेऊनच आली. तो वाटेत सांगत होता की चहा पिऊन येतो, दहा मिनिटांत येतो. तिने ऐकून घेतलं नाही.

गच्चीत शिडी लावून ती वर चढली आणि बघते तर काय, पाइपाच्या तोंडावर बारीक तारेची जाळी, चार स्क्रूंनी घट्ट बसवलेली. जाळीच्या आत राखाडी लादी. जाळीवरून बोटाने दाबलं तर दबेना, इतकी गच्च.

मग तोफ सुटली. ही जाळी कोणत्या शहाण्याने लावली, असं तिने शिडीवरूनच विचारलं. मॅनेजर म्हणाला, पक्षी घरटी करतात, लोकांच्या तक्रारी होत्या, म्हणून गेल्या वर्षी तुमच्या फेरीआधी आपणच लावून घेतल्या, सगळ्या चोवीस तोंडांना. तिने विचारलं, पक्ष्यांना आत येऊ देत नाही ती जाळी तुसाला बाहेर जाऊ देईल का, एवढा साधा विचार डोक्यात आला नाही? तोंडाला उघडमीट होणारी झडप लावायची असते, हे कुणाला विचारायला काय झालं होतं? आत एक माणूस दोन वर्षं पाठीवर पडून आहे. उद्या धूर भरला तर त्याला कोण उचलणार, तुमच्या तक्रारवह्या? मॅनेजर एक पाऊल मागे सरकला आणि म्हणाला, "पण ताई, आजवर काही झालं नाही ना. चालतंय की."

झालं. पुढची पाच मिनिटं तिने त्याची जी हजेरी घेतली ती इथे लिहिण्यासारखी नाही. खालच्या घरांच्या खिडक्या उघडल्या. मॅनेजरचा चेहरा एवढासा झाला.

बोलता बोलताच ती स्क्रू काढत होती. जाळी निघाली तशी मागची लादी गुळाच्या ढेपेसारखी अख्खीच हातात आली. चांगली वीतभर जाड. तिने ती उलटी केली. आतली बाजू करपून तपकिरी झालेली, आणि त्या करपलेल्या तुसात काहीतरी लाल.

तिने नखाने उकरलं. ब्रशचं डोकं होतं, अंगठ्याएवढं तुटलेलं, लाल केसांचं.

ती शिडीवर तशीच उभी राहिली. गेल्या वर्षीची संध्याकाळ तिला आठवली, खोटं बोलायला जागाच नव्हती. हे चोविसावं घर होतं. हात दुखायला आला होता. ब्रश शेवटच्या हातभर अंतरावर अडला तेव्हा तिला वाटलं, वळण असेल. तिने ड्रिलचा जोर वाढवून तीनदा रेटला, मग मागे घेतला. मशीन लावून पाइपाशी हात धरला, थोडी हवा जात होती. किल्ली नव्हती, मॅनेजर नव्हता. चालतंय, असं ती मनाशी म्हणाली आणि स्टिकर लावला. ब्रशचं टोक तुटलेलं तिला घरी गेल्यावर दिसलं. पिशवीत कुठेतरी पडलं असेल म्हणून तिने नवं डोकं बसवलं.

म्हणजे तूस जाळीवर ठासून बसवलं ते तिनेच. जाळी लावून मॅनेजरने दार लोटलं होतं, कडी हिने घातली.

मॅनेजर खाली उभा होता, त्याला शिडीवरचं काही दिसत नव्हतं. तिने ते डोकं मुठीत घेतलं आणि हळूच खिशात टाकलं. हो, टाकलं. उगाच साळसूदपणाचा आव कशाला आणायचा? अकरा वर्षांचं नाव होतं, चोवीस घरं होती, आणि जाळी तर मॅनेजरचीच होती.

मग तिने आतून पाइप पुन्हा साफ केला, आरपार उजेड दिसेपर्यंत, आणि मशीन जागेवर लावलं. मॅनेजर दाराशी घुटमळत होता. मावशी आल्या आणि त्यांनी मशीनवरच्या गेल्या वर्षीच्या स्टिकरवरून पदर फिरवावा तसा हात फिरवला.

"फोन का नाही केला म्हणून विचारलंस ना," त्या म्हणाल्या. "अगं, तुझी सही होती. तू साफ केलंस म्हणजे पाइप साफच असणार. मला वाटलं, माझ्याच हातात जोर राहिला नाही, पिळताना पाणी राहतंय. म्हणून मग दोनदा पिळायला लागले."

त्यांनी हात पुढे केले. बोटांचे सांधे सुजून गाठींसारखे झालेले, अंगठा वळत नव्हता.

तोफताईकडे राग होता, भरपूर होता, पण तो टाकायला समोर माणूस सापडत नव्हता. तिने खिशात हात घातला आणि ते लाल डोकं मशीनवर ठेवलं.

"हे माझं आहे मावशी. गेल्या वर्षी आत तुटलं. पाइप मीच तुंबवला आणि मीच सही केली."

मॅनेजरच्या जिवात जीव आला. तो दोन पावलं पुढे आला, खाकरला आणि म्हणाला, म्हणजे चूक तुमची निघाली, तसं लेखी द्या. ती गर्रकन वळली. देते, म्हणाली. माझी चूक माझ्या अक्षरात देते आणि तिच्याच खाली तुमच्या चोवीस जाळ्याही लिहिते, सही दोघांची. आणि आज दिवस मावळायच्या आत त्या सगळ्या निघाल्या पाहिजेत, शिडी मी धरते नाहीतर तुम्ही धरा. तो स्क्रूड्रायव्हर शोधायला खाली गेला.

मावशी अजून त्या लाल तुकड्याकडेच बघत होत्या. अगदी हळू म्हणाल्या, "वर्षभर पिळत होते गं मी."

माफ करा म्हणणं तिला जमलं असतं, पण ते फार स्वस्त वाटलं. तिने टेबलावरची ओली चादर उचलली, मशीनमध्ये घातली, खटका चालू केला, आणि जमिनीवर मांडी घालून बसली. अकरा वर्षांत ती एकाही घरात मशीन थांबेपर्यंत बसली नव्हती. तेवढा वेळ कुणाला असतो? ती स्वतःवर इतकी चिडली होती की दात दुखायला लागले.

चाळीस मिनिटांनी मशीन थांबलं. चादर कोरडीठाक आणि ऊबदार. मावशींनी ती घेतली, गालाला लावून बघितली, आणि आत जाऊन दोघींनी मिळून काकांच्या अंगाखाली घातली. काकांनी डोळे मिटले आणि "आहा" म्हणाले.

बाहेर येऊन तिने नखाने जुना स्टिकर खरवडून काढला. नवा काढायला पिशवीत हात घातला तर मावशींनी मनगट धरलं, भाजलेल्या हाताचं.

"ते नको लावूस," त्या म्हणाल्या. "तू पुढच्या महिन्यात ये."

तिने मान डोलावली. मग ब्रश, कांड्या आणि ड्रिल उचललं आणि शेजारचं दार ठोठावलं. आतून कुणीतरी ओरडून म्हणालं, आमचं नंतर करा, आमच्याकडे तर तुमचा स्टिकर आहे.

"तोच काढायला आलेय," ती म्हणाली. "दार उघडा."