काजळाचा तीळ

धाकट्या बहिणीनं आदिलाबादला ब्युटी पार्लर टाकलं तेव्हा पहिलं गिऱ्हाईक मीच. बारीक सुयांचं यंत्र चालवायला ती हैदराबादहून शिकून आली होती. सुया टोचल्या की कातडी स्वतःला सांधायला लागते, आत कोलॅजन तयार होतं आणि हळूहळू सुरकुत्या भरून येतात, असं तिनं मला समजावलं. उटनूरकडच्या शाळेत स्कूटीवरून ये-जा करून माझ्या चेहऱ्याचं उन्हात पार भरीत झालं होतं. म्हटलं, बघू.

"ताई, पावडर पूस. हालू नको," म्हणत तिनं आधी माझा फोटो काढला. सुया टोचल्यावर तोंड असं लालभडक झालं की वर्गातली पोरं मला पाहून चिडीचूप. पुन्हा काही मी गेले नाही. तिनंही आग्रह धरला नाही, त्याचं मला बरंच वाटलं.

मग एका रविवारी विहारात शेजारच्या बाईनं माझं तोंड निरखून पाहिलं. "पार्लरच्या फ्लेक्सीवर तर लय तरुण दिसून राह्यल्या. इथं काऊन अशा?"

मी तिथूनच तडक पार्लरला गेले. दारावरच्या फ्लेक्सीवर डावीकडे मी, पावडर पुसलेली, ओढलेल्या तोंडाची. खाली लिहिलं होतं 'आधी'. उजवीकडे 'नंतर', आणि ती बहीण होती. आम्हा दोघींना आईचंच नाक, आईचंच कपाळ. तिनं भांग माझ्यासारखा पाडला होता, चष्मा माझ्यासारखा लावला होता. हनुवटीवर तीळही होता. तीळ मला आहे, तिला नाही. तो काजळाचा होता.

माझं डोकंच फिरलं. फोटो चुकून लागला असता तर मी हसून सोडून दिलं असतं. पण आरशासमोर बसून हा तीळ काढताना तिला माझी आठवण आलीच असणार, आणि तरीही हात थांबला नाही.

लहानपणी आई तिला कपाळाच्या कडेला तीट लावायची. तीट पुसून ती माझ्यासमोर हनुवटी वर करून उभी राहायची, "ताईसारखा दे." काडेपेटीची काडी काजळात बुडवून मी ठिपका द्यायचे. विसरून शाळेत गेले तर दिवसभर रडायची.

आत खुर्चीवर माझीच एक जुनी विद्यार्थिनी बसली होती, तोंडाला बधिर करायचं मलम लावून. मला पाहून तिचा जीव भांड्यात पडला. "मॅडम, तुमचा फोटो पाहूनच आली मी. सुयांचं लय भेव वाटते. तुमाले खरंच फरक पडला नं?"

खुर्चीमागून बहीण माझ्याकडे पाहत होती. हनुवटी तशीच वर. खोटं का सांगू, क्षणभर मला तिला वाचवावंसं वाटलं. पण ही पोरगी माझ्या तोंडाकडे पाहून सुया टोचून घेणार होती.

"उजवीकडची मी नोय वं," मी म्हटलं. "ते माही बहीण आहे."

पोरीनं मलम पुसलं आणि ओढणी सावरून निघून गेली. बहिणीनं यंत्र डब्यात ठेवलं, झाकण लावलं.

"माह्यं बरं झालेलं तुले पाहवतच नाई, ताई."

हे ती मला म्हणाली. रोज सकाळी काडीनं तिला माझा तीळ काढून देणाऱ्या मला.