देवीला लावलेलं नाक

आमची कुलदेवी म्हणजे तांदळा. हातपाय नाहीत, नाक-तोंड नाही. शेंदरानं माखलेला पाषाण आणि त्यात बसवलेले चांदीचे दोन डोळे. देऊळ तिकडे साताऱ्याकडच्या आमच्या गावी आणि आम्ही इकडे पोटापाण्यासाठी तारापूरच्या कारखान्यात, राहायला कुंभवलीला. आईचे गुडघे गेले तेव्हापासून तिला गावी जाता आलं नव्हतं. यंदा तिनं सांगून टाकलं, देवी समोर नसेल तर मी घट बसवणार नाही. मोबाइलवर दाखवली, तर म्हणाली, बोटानं सरकवायची देवी नको मला.

मग माझ्या डोक्यात एक कल्पना आली, आणि एकदा आली की मला दम निघत नाही. गावच्या गुरवाकडून फोटो मागवला आणि बोईसरच्या फ्लेक्सवाल्याकडे धावलो. देवी जेवढी आहे तेवढीच छापायची, चांगल्या जाड बोर्डवर! तिथं कॉम्प्युटरवर बेटेगावची एक मुलगी बसते, फार हुशार. फोटो अंधुक आहे, मोठा केला की फाटतो, नुसते ठिपके दिसतात, असं ती म्हणाली. पण साफ करून देते. संध्याकाळी बोर्ड कागदात गुंडाळून मिळाला. मी तो न उघडताच घरी आणला, कारण पहिलं दर्शन आईलाच घडवायचं होतं.

कागद काढला. तुकतुकीत शेंदरी गाल, धारदार नाक, गुलाबी ओठ आणि वर मंद हसू. खोटं कशाला बोलू, मला आवडली. आई मात्र बराच वेळ बघत राहिली आणि मग तिनं विचारलं, "ही कोण?" हात काही जोडले नाहीत. दुसऱ्या दिवशी घटस्थापना होती, आणि घटाची माती तशीच पिशवीत पडून होती.

सकाळी दुकानाचं शटर उघडायच्या आधी मी दारात हजर. मुलीला काय चुकलं तेच कळेना.

"दादा, फोटोत देवीला तोंडच नाय दिसत होतं. कॉम्प्युटरनं लावून दिलं, मला वाटलं बरंच झालं."

मला राग यायला हवा होता, पण हसूच फुटलं. आमच्या इतक्या पिढ्यांना जे सुचलं नाही ते त्या मशीननं चुटकीसरशी उरकलं होतं. म्हटलं, काही साफ करू नकोस, आहे तसाच छाप. फाटला तर फाटू दे. छापून झाल्यावर बोर्ड हातात देताना तीच ओशाळली होती. कुणाला आमच्या दुकानाचं नाव सांगू नका, म्हणाली.

रिक्षानं तडक घर गाठलं आणि बोर्ड भिंतीला टेकवून ठेवला. खरंच नुसते ठिपके होते. काळपट शेंदूर आणि डोळ्यांच्या जागी दोन पांढरे डाग. ही देवीही आईनं नाकारली असती तर माझ्याकडे दुसरा उपाय नव्हता. आईनं चष्मा काढून बाजूला ठेवला. गाभाऱ्यात धूर इतका असतो की चष्म्याचा काही उपयोग नसतो, असं पुटपुटली. मग तिनं डोक्यावरून पदर घेतला.

आनंदानं मला ओरडावंसं वाटलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात तिची नजर माझ्या पायांतल्या बुटांवर गेली.

"पायताण काढ आधी," ती म्हणाली. "कुणाम्होरं उभा हायस?"